रक्तदान: देता का? देत नसाल तर का नाही? (खरं कारण लिहा)

स्नेहनगरची_सून | १५ जून, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. काल १४ जूनला, जागतिक रक्तदाता दिनाला, इथे इंदूरला आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये रक्तदान शिबिर होतं. आमच्या गणेश मंडळाचं हे सहावं वर्ष. मी दारापाशी टेबल टाकून नावं लिहायला बसते, सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत. दरवर्षी किती पिशव्या झाल्या तो आकडा वहीत लिहिते. यंदा पहिल्यांदाच शेजारच्या पानावर दुसरी यादी केली: जे आले पण न देता परत गेले त्यांची, आणि जे दारावरूनच पुढे निघून गेले त्यांची.

४३ पिशव्या झाल्या. १९ जण आत येऊन परत गेले, त्यात १४ बायका. दारावरून गेलेल्यांना मी हाक मारून विचारलं. उत्तरं जशी मिळाली तशी लिहिली आहेत: "कमजोरी आ जाएगी", "आज उपास आहे", "ह्यांना विचारावं लागेल", "परवा मुलाचा पेपर आहे, आजारी पडायला नको". एक काका म्हणाले, "बेटा, अब उमर हो गई." वय विचारलं तर ५२.

पण हा धागा काढला तो एका मुलीमुळे. वीस-एकवीस वर्षांची, आमच्याच मागच्या गल्लीतली. सलग तीन वर्षं येते आणि तिन्ही वेळा हिमोग्लोबिन कमी म्हणून परत जाते. काल चप्पल घालताना म्हणाली, "काकू, आता मी नाही येणार. दर वेळी सगळ्यांसमोर 'इनका खून कम है' म्हणतात." मला तिला काय उत्तर द्यावं सुचलंच नाही. घरी येऊन भाजी निवडतानाही तेच डोक्यात होतं.

माझं कारण सांगते. धाकट्याच्या बाळंतपणात मला खूप रक्तस्राव झाला. रात्रीतून दोन पिशव्या चढवल्या. त्या कोणाच्या होत्या ते आजपर्यंत माहीत नाही आणि कधी कळणारही नाही. मी देते ते एवढ्यासाठीच.

आता तुमचं सांगा. देत असाल तर का, देत नसाल तर का नाही. चांगलं दिसेल असं नको, खरं लिहा.

राजवाडा_ते_रीगल | १५ जून, रात्री १०.२२

ताई, मी देत नाही. कारण भीती.

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना मित्रांबरोबर गेलो. सकाळी काही खाल्लं नव्हतं, रात्री जागरण झालेलं. पिशवी नीट भरली, उठलो, चार पावलं चाललो आणि खुर्च्यांवर पडलो. शुद्धीवर आलो तेव्हा वर पंधरा चेहरे. कोणी पाय वर धरलेत, कोणी तोंडावर पाणी मारतंय. हनुवटीला तीन टाके पडले. आईने त्या दिवसापासून शपथ घातली.

आता मी ३४ चा आहे. जिममध्ये जातो, तब्येत ठणठणीत. पण स्पिरिटचा वास आला तरी तळहाताला घाम येतो. शिबिराचं आमंत्रण आलं की त्या दिवशी मी गावाला गेलेला असतो, म्हणजे तसं सांगतो. हे पहिल्यांदाच कुठे लिहितोय.

मालव्याची_माती | १५ जून, रात्री १०.४०

माझं वय ५८. सात वर्षांपूर्वी मधुमेह निघाला, रोज एक गोळी चालू आहे. त्याआधी वर्षातून दोनदा द्यायचो. डायबेटिसवाल्याचं रक्त कोण घेणार म्हणून बंद केलं. कोणी नाही म्हटलं नव्हतं, मीच ठरवलं.

लॅबवाला_काका | १५ जून, रात्री ११.१५

मी ३१ वर्षं रक्तपेढीत तंत्रज्ञ होतो, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. ताई, तुमच्या वहीतलं दुसरं पान खरं म्हणजे प्रत्येक रक्तपेढीने ठेवायला हवं. आम्हाला वर कळवायचा असतो तो पिशव्यांचा आकडा. परत गेलेल्या माणसाचं पुढे काय झालं, हे मला एकाही वर्षी कोणी विचारलं नाही.

एकेक घेतो.

मालव्याची माती, तुम्ही सात वर्षं उगाच थांबलात. साखर आटोक्यात असेल, गोळीवर असाल आणि डोळे, मूत्रपिंड, हृदय यांना त्रास नसेल तर रक्त देता येतं. इन्सुलिनवर असलेल्यांना नाही. वयाची मर्यादा १८ ते ६५ आहे, पहिल्यांदाच देणाऱ्याला ६० पर्यंत. तुमच्या हातात अजून सात वर्षं आहेत.

राजवाडा ते रीगल, तुमच्या बाबतीत चूक आमच्या लोकांची. उपाशीपोटी, जागरण झालेल्या मुलाला टेबलावर घ्यायलाच नको होतं, आणि पिशवी झाल्यावर लगेच उभं करायला तर नकोच नको. ती चक्कर रक्त कमी झाल्याने येते असं लोक समजतात. शरीरात साधारण पाच लिटर रक्त असतं, त्यातलं ३५० किंवा ४५० मिलीलिटर आपण घेतो. द्रवाचा भाग एक-दोन दिवसांत भरून निघतो. चक्कर येते ती बहुतेक वेळा भीतीने आणि मज्जातंतूंच्या प्रतिक्रियेने: नाडी एकदम मंद होते, रक्तदाब उतरतो. पहिल्यांदा देणारा, तरुण, वजनाने हलका, उपाशी, झोप न झालेला, यांना ती जास्त येते. पुन्हा जावंसं वाटलं तर देण्याआधी अर्धा लिटर पाणी प्या, पोहे खाऊन जा, टेबलावर असताना मांड्या आणि पोटऱ्या आवळत-सोडत राहा आणि नंतर पंधरा मिनिटं आडवेच राहा. आधीच सांगून ठेवा की मला मागे चक्कर आली होती. ते सांगण्यात कमीपणा नाही. उलट ते ऐकलं की चांगला तंत्रज्ञ तुमच्याजवळून हलत नाही.

त्या मुलीबद्दल उद्या सविस्तर लिहितो. ते दोन ओळींत उरकण्यासारखं नाही.

खरं_बोलतो | १६ जून, सकाळी ८.०५

सगळे गोड बोलतायत म्हणून माझं लिहितो. मी शिबिरात देत नाही आणि देणारही नाही.

माझ्या वडिलांची बायपास झाली तेव्हा आम्ही चार डोनर आणून उभे केले. भाऊ, मेहुणा, मी आणि ऑफिसातला एक मित्र. चौघांचं रक्त घेतलं. तरी बिलात प्रत्येक पिशवीचे वेगळे पैसे लावले. मी विचारलं तर काउंटरवरचा माणूस वर न बघता म्हणाला, "नियम आहे." आम्ही फुकट द्यायचं, त्यांनी पैसे घ्यायचे. मग शिबिरात दिलेलं कुठे जातं ते कोणी सांगेल का? ओळखीच्या माणसाला लागलं तर रात्री दोनला उठून जाईन, तीनदा गेलोही आहे. पण पिशवी नजरेआड झाली की माझा विश्वास संपतो.

निमाडकन्या | १६ जून, सकाळी ११.३०

खरं बोलतो दादा, शिबिरातली पिशवी कुठे जाते ते मी सांगते. निदान एक तरी.

माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. थॅलेसेमिया मेजर. सात महिन्यांचा असताना कळलं. तेव्हापासून त्याला रक्त लागतं, आता दर २१ दिवसांनी. त्याचं स्वतःचं शरीर टिकाऊ लाल पेशी बनवत नाही. अठरा-एकोणीस दिवस झाले की ओठ पांढरे पडायला लागतात, शाळेतून आला की दप्तर दारातच टाकून झोपतो. रक्त चढलं की दुसऱ्या दिवशी क्रिकेट. आमच्या घरातलं कॅलेंडर त्या तारखांवर चालतं. लग्नकार्य, सहल, परीक्षा, सगळं त्याभोवती.

माझा आणि ह्यांचा, दोघांचाही थॅलेसेमिया मायनर आहे, म्हणजे आम्ही दोघे वाहक. लग्नाआधी माहीत नव्हतं. आमच्याकडे पत्रिका जुळवली, रक्त कोणी तपासलं नाही. हा आजार सिंधी-पंजाबी घरांत असतो असं ऐकलेलं होतं, मराठी घरात कोणाच्या मनातही आलं नाही. ज्यांची लग्नं व्हायची आहेत त्यांनी एचबीए-टूची, म्हणजे मायनर आहे का ते सांगणारी, रक्ततपासणी करून घ्या. एकदाच करायची असते.

तर दादा, तुम्ही म्हणता ओळखीच्या माणसाला लागलं तर देईन. आम्हाला महिन्यातून एक-दोन पिशव्या लागतात, जन्मभर. ओळखीचे किती पुरतील? दोन वर्षांत आमचे सगळे नातेवाईक संपले, म्हणजे देऊन झाले, मग फोन उचलेनासे झाले. माझा त्यांच्यावर राग नाही. प्रत्येकाला पुन्हा पुन्हा मागणं मलाच जड जायला लागलं. आज तो जगतोय तो ज्यांनी त्याला कधी पाहिलं नाही अशा लोकांच्या रक्तावर. आणि थॅलेसेमियाच्या मुलांना ते बिनाशुल्क मिळतं, आमच्याकडून एक रुपया घेतला जात नाही.

मे महिना मात्र वाईट जातो. कॉलेजं बंद, लोक गावाला, ऊन मरणाचं. यंदा २३ मेला ठरलेली पिशवी २९ ला मिळाली. ते सहा दिवस मी लिहू शकत नाही.

खरं_बोलतो | १६ जून, दुपारी १२.१०

ताई, वाचलं. तुमच्या मुलाचा गट कोणता आहे?

निमाडकन्या | १६ जून, दुपारी १२.१८

बी पॉझिटिव्ह.

लश्करवाला | १६ जून, दुपारी ३.४५

ग्वाल्हेरहून लिहितो. वय ६६, म्हणजे गेल्या वर्षीच मला दारावरून परत पाठवलं. अर्ज भरला होता, बाही वर केली होती. डॉक्टर मुलगी फार नम्रपणे म्हणाली, "अंकल, अब आप बस दूसरों को भेजिए." बाहेर येऊन गाडीत थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

मी का देत आलो ते सांगतो, तरुणांना माहीत असायला हवं म्हणून. १९८४ साली वडिलांचं अल्सरचं ऑपरेशन होतं. तेव्हा रक्त काचेच्या बाटलीत असायचं. घरात काका, आत्येभाऊ, शेजारी, सगळे होते. सगळे मागे सरकले. रक्त दिलं की पुरुषाची ताकद जाते, असंच सगळे मानत. मी २५ वर्षांचा, मीही मागे सरकलो. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

दवाखान्याच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर माणसं बसलेली असायची. काकांनी एकाशी भाव ठरवला. तो आला. माझ्याएवढाच असेल, गालफडं बसलेली, नखं पांढरीफटक, पायात प्लास्टिकची चप्पल. पैसे आधी मोजून घेतले. रक्त देऊन बाहेर आला, भिंतीला धरून उभा राहिला आणि मला विचारलं, "भैया, एक चाय पिला दोगे?" वडील वाचले. मी त्याला चहा पाजला, पण त्याच्याकडे नीट बघू शकलो नाही. घरात आम्ही सहा-सात धडधाकट पुरुष होतो आणि रक्त त्याने दिलं.

पुढे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्त विकणाऱ्यांकडून रक्त घेणं देशभर बंद झालं. ज्याला पैशाची गरज आहे तो आपला आजार लपवतो, महिन्यातून चारदाही देतो, त्यामुळे घेणाऱ्यालाही धोका आणि देणाराही खंगतो. ते बंद झालं हे फार चांगलं झालं. पण त्या माणसाची जागा मग कोणीतरी भरायची होती ना. मी १९८५ पासून ६५ पूर्ण होईपर्यंत देत राहिलो, वर्षाला दोन, कधी तीन. एकूण आकडा सांगत नाही. पहिली बाटली त्याची होती, असंच मी धरत आलो.

स्नेहनगरची_सून | १६ जून, संध्याकाळी ६.३०

काका, तुमचा प्रतिसाद सासऱ्यांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

लॅबवाला_काका | १६ जून, रात्री ८.५०

काल म्हटल्याप्रमाणे त्या मुलीबद्दल. त्याआधी 'खरं बोलतो' यांना थोडं उत्तर.

तुम्ही चार डोनर आणले त्याला बदली रक्तदान म्हणतात. २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणात ते हळूहळू बंद करून सगळं रक्त स्वेच्छा दात्यांकडून मिळावं असं ठरलं. आजही ते पूर्ण बंद झालेलं नाही, हे दुःख आहे. कारण आधीच हवालदिल झालेल्या घराला आपण आणखी एका कामाला जुंपतो. आणि घाईत आणलेला डोनर बऱ्याचदा खरं सांगत नाही. मेहुण्याने कावीळ झाल्याचं लपवलं तर त्याला दोष कसा द्यायचा, सासरे आत टेबलावर आहेत.

आता पैसे. रक्ताची किंमत घेता येत नाही. २०२४ च्या जानेवारीत केंद्रीय औषध नियामकांनी सगळ्यांना पुन्हा बजावलं की रक्त विक्रीची वस्तू नाही, फक्त प्रक्रिया शुल्क घ्या. घटक आणि पेढी कोणती यानुसार ते साधारण २५० ते १५५० रुपयांपर्यंत. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस हा गुप्तरोग आणि मलेरिया अशा पाच तपासण्या होतात. मग ती फिरवून लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट वेगळे होतात. तुमच्या चौघांच्या पिशव्या वडिलांनाच चढल्या असतील असंही नाही, कदाचित त्या दिवशी बाळंतीण आणि डेंग्यूचा रुग्ण त्यातून सावरले. पण हे तुम्हाला समोर बसवून कोणी सांगितलं नाही, आणि "नियम आहे" म्हणून हाकललं. पैसे शुल्काच्या मर्यादेतले होते का हेही तुम्हाला कळू दिलं नाही. तुमचा राग रास्त आहे.

दुसरी एक गोष्ट आतल्या माणसाने कबूल करायला हवी. पिशव्या वाया जातात. १४ जून, १ ऑक्टोबरचा राष्ट्रीय रक्तदान दिवस, मोठ्या लोकांचे वाढदिवस, या दिवसांत शहरात दहा-दहा शिबिरं. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट फक्त पाच. सगळे एकाच आठवड्यात दिलेत तर आमचे फ्रीज भरतात आणि महिना-दीड महिन्याने पुन्हा तीच ओरड. निमाडकन्या ताईंचे ते सहा दिवस यातून आलेले आहेत. मी स्वतःच्या हाताने मुदत संपलेल्या पिशव्या नष्ट करायला पाठवल्या आहेत. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता ती मुलगी. हिमोग्लोबिन बघायला बोटाचा थेंब घेऊन मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडतात. बुडला तर पास, तरंगला तर नापास. काही ठिकाणी छोट्या यंत्रावर आकडा येतो. मर्यादा १२.५ ग्रॅम, बाई असो की पुरुष. पण बाईचं १२ असलं तरी वैद्यकीय दृष्टीने ती निरोगीच. म्हणजे १२.१ वाली मुलगी आजारी नाही. देऊन झाल्यावर तिचं फार खाली जाऊ नये, म्हणून तिला थांबवलं जातं. नियम तिला जपण्यासाठी आहे. आणि आम्ही सगळ्यांसमोर म्हणतो, खून कम है.

त्यात भर म्हणजे आपल्याकडे १५ ते ४९ वयाच्या बायकांत ५७ टक्के रक्तक्षयी आहेत. हा २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला आकडा, पुरुषांत तो २५ टक्के. शिवाय पाळीच्या दिवसांत देता येत नाही, बाळंतपणानंतर वर्षभर नाही, अंगावर पाजते तोवर नाही. पुरुषाला ९० दिवसांनी पुन्हा देता येतं, बाईला १२० दिवसांनी, कारण एका पिशवीबरोबर दोनशे-अडीचशे मिलीग्रॅम लोह जातं. तुमच्या १९ पैकी १४ बायका होत्या, त्याचं मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. लोकांना वाटतं बायका देत नाहीत. येतात हो. आपण परत पाठवतो, आणि परत पाठवताना हातात काही देत नाही. आकडा नाही, चिठ्ठी नाही, कोणाकडे जा ते नाही.

सध्या_अनाम | १६ जून, रात्री ११.५५

परत पाठवण्याबद्दल बोलणं चाललंय म्हणून धीर करून लिहितो. नेहमीच्या नावाने लिहिलेलं नाही, समजून घ्या.

मी इंदूरचाच. कॉलेजपासून नऊ वेळा रक्त दिलं. ओ निगेटिव्ह आहे, त्यामुळे मित्र रात्री-बेरात्री फोन करायचे आणि मला ते आवडायचं. मग एकदा वाट बघत बसलो असताना अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक नियमांप्रमाणे पुरुषांशी संबंध असलेल्या पुरुषाने रक्त द्यायचं नाही. तृतीयपंथीयांनीही नाही. मी कसा वागतो, एकाच जोडीदारासोबत किती वर्षं आहे, हे कोणी विचारत नाही. मी कोण आहे यावरच संपतं. २०२१ पासून याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज आहे. ब्रिटनने त्याच वर्षी, अमेरिकेने २०२३ मध्ये प्रत्येक माणसाच्या वागण्यावर आधारलेले प्रश्न आणले.

मी त्या दिवशी पेन ठेवलं आणि बाहेर आलो. खोटं लिहून देता आलं असतं, पण पेशंटच्या बाबतीत खोटं बोलणं मला जमलं नाही. आता फोन आला की सर्दी आहे, औषध चालू आहे, असं सांगतो. मित्रांना वाटतं मी बदललो. एकाने मागे सरळ म्हटलं, "तू पहिल्यासारखा राहिला नाहीस." माझं न देण्याचं कारण हे आहे.

लॅबवाला_काका | १७ जून, सकाळी ६.४०

रात्रीच वाचलं होतं. उत्तर सकाळी लिहायचं ठरवलं.

तुम्ही पेन ठेवलंत ते अर्जावर सत्य लिहायचं या आग्रहापोटी. तपासणी कितीही चांगली असली तरी संसर्गानंतरचे सुरुवातीचे काही दिवस कोणत्याच यंत्राला दिसत नाहीत, तेव्हा रुग्णाला वाचवतो तो फक्त दात्याचा खरेपणा. तो तुमच्यात आहे. नियमाबद्दल माझं मत: धोका वागण्यात असतो, माणूस कोण आहे यात नसतो. तीस वर्षांत मी लग्न झालेल्या, घरदार असलेल्या पुरुषांच्या पिशव्या पॉझिटिव्ह निघालेल्या पाहिल्या आहेत. न्यायालय काय ठरवेल ते ठरवेल. तोवर मित्रांना सर्दी सांगत बसू नका. "डॉक्टरांनी मला कायमचं थांबवलंय" एवढं पुरे. पुढे विचारायचा कोणाला हक्क नाही.

निमाडकन्या | १७ जून, सकाळी ९.१०

अनाम दादा, तुमच्या नऊ पिशव्यांतली एखादी आमच्याकडे आली असेल. ओ निगेटिव्ह लाल पेशी बी पॉझिटिव्हला चालतात. आमच्या गटाचं नसतं तेव्हा तेच देतात.

बडोद्याची_लेक | १७ जून, दुपारी २.००

माझं माहेर बडोदा, दांडिया बाजार. माझा भाऊ शिबिरात देत नाही आणि लोक त्याला कंजूष समजतात, म्हणून त्याच्या वतीने लिहिते.

त्याचा गट बॉम्बे ब्लड ग्रुप. बावीस वर्षं ओ समजत होतो. एका शिबिरात दिलं, आणि रक्तपेढीतून फोन आला की पुन्हा या, जुळणी वेगळी दिसते आहे. हा गट १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदा नोंदवला. आपल्याकडे दहा हजारांत एखाद्याचा असतो. या माणसाला ओ गटाचं रक्तही चालत नाही, फक्त त्याच गटाचं. म्हणून त्याला सांगितलंय की शिबिरात देऊ नकोस, कोणाला लागलं तर बोलावू. मागे एका बाळंतिणीसाठी बोलावलं तेव्हा तो लग्नाच्या पंगतीतून उठून गेला. नवरदेव त्याचा सख्खा मित्र होता.

मालव्याची_माती | १८ जून, संध्याकाळी ७.२०

लॅबवाले काका, आज एमवाय हॉस्पिटलला जाऊन विचारून आलो. साखर, रक्तदाब तपासला, आणि घेतलं. ३५० मिली. सात वर्षांनी. हाताला पट्टी लावून सराफ्यापर्यंत चालत आलो. विशेष काही लिहायचं नाही, कळवलं फक्त.

खरं_बोलतो | १९ जून, रात्री ९.३०

निमाडकन्या ताई, मीही बी पॉझिटिव्ह. शिबिराबद्दल माझं मत बदललेलं नाही, बिलाचं मी विसरणार नाही. पण मे महिन्यात मी देईन, दरवर्षी, १० ते २० मेच्या दरम्यान, रक्तपेढीत स्वतः जाऊन. तुमच्या मुलालाच मिळावं अशी अट घालत नाही. ऑफिसात अजून तीन जणांना विचारलंय. दोघे हो म्हणाले.

राजवाडा_ते_रीगल | २१ जून, दुपारी १.१५

आज गेलो. आईला सांगितलं नाही, संध्याकाळी सांगेन.

सकाळी छप्पन दुकानवर पोहे खाल्ले, जिलेबीही. अर्धा लिटर पाणी प्यायलो. आत गेल्यावर सांगितलं की मागे पडलो होतो, टाके आहेत, बघा. तिथल्या मावशींनी खुर्ची ओढून माझ्याशेजारीच बसकण मारली. सुई लागेपर्यंत माझे हात गार पडले होते. काकांनी सांगितलं तसं मांड्या आवळत राहिलो, पिशवीकडे बघितलं नाही, भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. सहा-सात मिनिटं लागली असतील. नंतर वीस मिनिटं आडवा. चक्कर आली नाही. उठताना गुडघे लटलटत होते, पण ती भीती होती, मला आता फरक कळतो.

सप्टेंबरच्या शेवटी पुन्हा चालेल म्हणाले.

स्नेहनगरची_सून | २२ जून, रात्री १०.०५

मंडळी, काल त्या मुलीच्या घरी गेले होते. तिच्या आईशी आधी बोलले, मग तिच्याशी. १२.१ आणि १२.५ चं गणित काकांनी सांगितलं तसं समजावलं. ती म्हणाली, "मग हे मला तीन वर्षांत कोणीच का नाही सांगितलं?" तिचा आकडा कधी लिहूनच दिलेला नाही, त्यामुळे १२.१ आहे की ९ आहे तेही तिला माहीत नाही. मंगळवारी मी तिला तपासणीला घेऊन जाणार आहे. कमी निघालं तर औषध डॉक्टर सांगतील ते, आपल्या मनाने गोळ्या नकोत.

मंडळाच्या बैठकीत दोन गोष्टी मांडल्या आणि दोन्ही मान्य झाल्या. पुढचं शिबिर १४ जूनला नाही, मेच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी सात ते अकरा, उन्हाच्या आधी. आणि हॉलच्या आतल्या खोलीत पडदा लावून एक वेगळं टेबल. ज्यांना थांबवलं जाईल त्यांना तिथे बसवायचं, आकडा आणि कारण चिठ्ठीवर लिहून द्यायचं, आणि चहा-बिस्किटं त्यांनाही, देणाऱ्यांना मिळतात तीच. त्या टेबलावर बसायला एक समजूतदार बाई हवी आहे. मला दारावरून हलता येणार नाही.

सुदामानगर_२२ | २२ जून, रात्री ११.४०

काकू, मी ती मुलगी नाही, पण माझंही दोनदा असंच झालंय. धागा रोज वाचत होते. परवा जाऊन तपासून घेतलं, ११.६ आहे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात आणि २० ऑगस्टला परत बोलावलंय.

त्या टेबलावर मी बसू का? मे महिन्यात माझी परीक्षा असेल, पण रविवारी पेपर नसतो.